येळवशीचं मागणं

"तुमची ही इंग्रजी पोरगी मुकी हाय का व्हय?"

पडवीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेल्या बायांपैकी कोणीतरी विचारलं. मी आत चुलीपाशी होते. काकूंनी हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं, "मुकी न्हाई गं. महाग हाय. तिच्या एका शब्दाला लई खर्च आलाय आमाला."

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण आवाज न करता. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली. काकू आत येऊन म्हणाल्या, "बोलत न्हाईस तर न्हाईस. वास बी येईना व्हय तुला?"

येळवस तोंडावर आली होती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या आळंदकडच्या मुलखात येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं, घरात म्हातारंकोतारंसुद्धा मागे राहत नाही. शेतात कडब्याची कोपी उभारायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, त्यांना पांडव म्हणायचं, पूजा करायची आणि मग जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं जेवायला बोलवायचं, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही उपाशी जाऊ द्यायचं नाही. मी लहानपणी एकदोनदाच हा सण पाहिला होता. पुढे हैदराबादच्या इंग्रजी शाळेत राहिले आणि तिथे त्या अमावस्येला नेहमीसारखीच घंटा व्हायची.

शाळा संपवून मी आमच्या गावी, निंबर्ग्याला आले ते या येळवशीच्याच वर्षी. वडील हैदराबादेत एका कचेरीत कारकून होते. त्यांच्या पगारात ती शाळा बसण्यासारखी नव्हती. माझी फी गावाहून यायची. गावाहून म्हणजे माझ्या चुलत्यांकडून, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणे आणि मीही अण्णाच म्हणे. त्यांना मुलगी नव्हती. "एक तरी पोरगी साहेबासारखी बोलू दे आमच्यातली," असं ते म्हणायचे. मी घरी आले आणि बोलेचना. शाळेत शिकवलं होतं की विचारल्याशिवाय बोलू नये, आणि विचारलं तर पूर्ण वाक्यात बोलावं. इथे विचारून कोणी बोलत नव्हतं, आणि माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत कोणी थांबतही नव्हतं.

त्या थंडीत मला एका जागी बसवत नसे. सकाळी अंगणातून परसात, परसातून माडीवर, माडीवरून पुन्हा खाली. माडीच्या खिडकीतून गावाच्या वरच्या अंगाचं टेकाड दिसायचं. दिसायला उजाड, पांढऱ्या मातीचं, त्याच्यावर एक बाभूळ. आणि त्या टेकाडाच्या पोटात आमच्या घराची पेवं होती.

आमची जमीन काळी. काळ्या मातीत खड्डा खणला तर पावसाळ्यात त्यात ओल उतरते. म्हणून ज्वारी साठवायची पेवं पांढऱ्या मातीत खणतात. वर अरुंद तोंड, खाली माणूस हात पसरून उभा राहील एवढं पोट, आतून कडब्याचं अस्तर. ज्वारी भरली की तोंडावर शिळा ठेवायची आणि शिळेवर माती लिंपायची. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. पेवं गावात इतरांचीही होती, पण उताराला. त्यांना पाणी लागे आणि आषाढापर्यंत कडेची ज्वारी काळी पडे. टेकाडावरची कोरडी पेवं सगळी अण्णांची होती.

सुगीत ज्वारी स्वस्त असते. मजुरीत मिळालेलं धान्य कामकरी घरांना उन्हाळ्यापर्यंत पुरतं. आषाढात पेरण्या झाल्या की हाताला काम नसतं, मडक्यात दाणा नसतो आणि बाजारात भाव चढलेला असतो. अण्णा नेमके तेव्हा पेव उघडत. आधी शिळा बाजूला करून ठेवायची, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग दोर बांधून एकानं खाली उतरायचं. उतरणारे आणि ज्वारीची पोती आळंदच्या बाजारासाठी गाडीवर चढवणारे लोक गावातलेच. संध्याकाळी तेच लोक दुकानावरून चढ्या भावानं ज्वारी घेऊन घरी जात. शाळेच्या सुटीत मी हे बघितलं होतं आणि त्यात मला काही वेगळं वाटलं नव्हतं. पाऊस पडतो, पेव उघडतं, माझी फी जाते.

हे वेगळं वाटायला लावलं ते गावातल्या मुलींच्या शाळेच्या बाईंनी. बाई सोलापुराकडच्या, आमच्याच बाहेरच्या खोलीत राहायच्या. उंच, चष्मा लावणाऱ्या, फार भरभर चालणाऱ्या. त्यांना चहा लागे, आणि बोलायला माणूस लागे. माझ्यासारखी ऐकणारी त्यांना दुसरी मिळाली नसती.

लढाईची वर्षं होती. सरकार शेतकऱ्यांकडून लेव्ही म्हणून ज्वारी घेई आणि ती गाड्यांनी बाहेर जाई. बाईंचं म्हणणं असं की या लेव्हीतला एक वाटा गावातच ठेवावा. प्रत्येक शेतकऱ्यानं सुगीत त्यात थोडी भर घालावी. आणि हातावर पोट असलेल्या घरांना ती ज्वारी आषाढात सुगीच्याच भावानं मिळावी. गावाचं पेव. त्या एकट्या आळंदला जाऊन तहसीलदारांना भेटून आल्या होत्या. तहसीलदार म्हणाले होते, माझी हरकत नाही, मी वर शिफारस करीन. मात्र पेव कोरडं पाहिजे, आणि पेवाच्या मालकानं आपण होऊन, चारचौघांत, आमच्या गिरदावरासमोर हो म्हटलं पाहिजे. गिरदावर म्हणजे वसुलीखात्याचे फिरते अंमलदार.

"मालक म्हणजे अण्णा," बाई मला म्हणाल्या. "आता गाव उभं करायचं. गाव उभं राहिलं तर एक माणूस नाही कसा म्हणेल?"

मला वाटलं, एक माणूस सहज नाही म्हणू शकेल.

बाईंनी शाळेत सभा घ्यायचं ठरवलं. आमच्या हैदराबाद संस्थानात सभेला परवानगी लागायची. ती आली नाही. नकारही आला नाही. बाई आठवडाभर चिडचिड करत होत्या. उपाय सांगितला तो अक्कानं. अक्का म्हणजे खुरपणी-कापणीला जाणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. चाळिशीची, ठेंगणी, कायम तोंडात काहीतरी चघळत असलेली. ती म्हणाली, "सभेला परवानगी लागती. जेवायला कामून लागंल? येळवशीला अण्णाच्या रानात निम्मं गाव जेवाय येतंय. गिरदावर साहेब बी येतोय भज्जी खायला. तवाच मागा की."

बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी अक्काचा हातच धरला. अक्कानं तो हळूच सोडवून घेतला.

अण्णांची येळवस तालुक्यात नावाजलेली होती. जेवण उरकत आलं की ते स्वतः पंगतीतून फिरायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, "काय पाहिजे ते मागा. लाजू नका." एकदा कोणा धनगरानं थट्टेनं त्यांच्या खांद्यावरची नवी घोंगडी मागितली, तर अण्णांनी ती तिथल्या तिथे काढून दिली आणि थंडीत कुडकुडत घरी आले. ही गोष्ट अण्णा स्वतः सांगत नसत. त्यांच्यासमोर दुसरे सांगायचे तेव्हा मात्र ते मान खाली घालून पूर्ण ऐकायचे. तर त्या विचारण्याच्या वेळी बाई उभ्या राहून पेव मागणार, आणि पंगतीतले सगळे एका आवाजात "व्हय" म्हणणार. एवढीच योजना होती.

मग आमचं फिरणं सुरू झालं. आमचं म्हणजे बाईंचं. मला त्या बरोबर नेत. "तू काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. "नुसती शेजारी उभी राहा. अण्णांची पुतणी उभी आहे, एवढं लोकांना दिसलं तरी पुरे."

पहिल्या दिवशी आम्ही तुरीच्या कापणीवर गेलो. माझ्या पायात शाळेचे बूट होते. त्यातूनही तुरीचे खुंट टोचत. बाया अनवाणीच त्यांच्यामधून सरकत होत्या. विळे चालू ठेवूनच त्यांनी बाईंचं ऐकलं.

"पेवातली ज्वारी उंदरं खातात, बाई. मान्संच्या नशिबी कुठली?" एकजण म्हणाली.

"मान्संच खातात की," अक्का म्हणाली. "निस्ती येगळी मान्सं."

"पन चावी कुनाजवळ ऱ्हानार?"

"पेवाला चावी असती व्हय गं, येडे?"

"मंग ज्वारी राखनार कशी?"

"तू जाऊन बस शिळेवर. तुज्या वजनाखाली पाटलाला बी हलायची न्हाई ती."

विळे थांबले, सगळ्याजणी मनसोक्त हसल्या आणि विळे पुन्हा चालू झाले. बाई गंभीरपणे म्हणाल्या की राखायला पाच घरांतली पाच माणसं नेमता येतील, त्यात दोन बाया असाव्यात. यावर अक्कानं मान वर केली. तिनं बाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तुज्या अण्णाला ठाव हाय व्हय ह्ये?"

मी तोंड उघडायच्या आधी बाई म्हणाल्या, "म्हणून तर ती आली आहे ना."

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. मी खाली खुंटांकडे बघत राहिले. "मंग आमी हाव," ती म्हणाली. "समद्या. काय गं?" बायांनी हो म्हटलं.

परतताना मी बाईंना म्हणाले, "अण्णांना मी काहीच विचारलेलं नाही."

"मी तसं कुठे म्हटलं?" बाई म्हणाल्या. ते खरं होतं. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. मी घरी राहिले असते तर बरं झालं असतं. आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी हाक मारली तेव्हा मी बूट घालून दारात उभी होते.

एका विणकराच्या घरी त्याची बायको मागावरच्या ताण्याशी गाठी मारत बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हमारा घर भी उसमें गिनते ना, बीबी?" बाई म्हणाल्या, गिनते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा की बच्ची खड़ी है तो फिर क्या पूछना." गाठी मारणं तिनं थांबवलं नव्हतं. उताराकडच्या एका शेतकऱ्यानं आपलं ओल लागलेलं पेव उघडून त्यातली काळी मूठभर ज्वारी बाईंच्या हातावर ठेवली. तिला आंबूस, तळघरासारखा वास येत होता. तो म्हणाला, "घालतो की मी. पर आधी त्यो पलीकडचा घालू दे." पलीकडचा म्हणाला, आधी हा घालू दे. मग बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिच्याकडे बघा." आणि दोघंही तयार झाले.

मी कोणाला काही सांगितलं नाही. नुसती उभी राहिले. आणि घरोघर लोक माझ्या उभं राहण्यावर हो म्हणत गेले.

अण्णांना हे कळलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. गावात कोणाची शेळी व्याली तर त्यांना कळायचं. पण ते माझ्याशी त्याबद्दल बोलले नाहीत. एकदा जेवताना विचारलं, "पायाला फोड आलेत म्हनं?"

"थोडे आलेत."

"तेल लाव. तुरीचे खुंट लई वाईट. बघून चालावं."

मी मान हलवली. त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. त्यांनी रागावावं असं मला वाटत होतं. रागावले असते तर मी रडले असते, आणि ते प्रकरण तिथेच संपलं असतं. ते तूप वाढून मुकाट्यानं जेवले. ताट धुतल्यावरही तुपाचा वास माझ्या बोटांना राहिला, आणि मी परसात जाऊन उगाच पुन्हा हात धुतले.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटी टेकाडावर गेले. का गेले, कोण जाणे. बाभळीखाली अक्का बसली होती, तिच्या शेळ्या चरत होत्या. तिनं मला जवळ बोलावलं आणि टाचेनं जमीन ठोकली. टाचेखालून पोकळ, लांबून आल्यासारखा आवाज आला. "ह्ये मोठं पेव," ती म्हणाली. "सध्या रिकामं हाय. माजा मालक उतरतो ह्याच्यात दरसाली." ती पुन्हा पान चघळू लागली. "येक इचारू? बाई बोलल्या त्ये खरं हाय का? अण्णा हो म्हनलाय?"

मला शाळेतली घंटा आठवली. मला सगळं सोडून कुठल्या तरी घंटेनं बोलवावं असं वाटलं. मी म्हणाले, "मी विचारलं नाही."

अक्का चिडली नाही. "मला वाटलंच," ती म्हणाली. "पन मी बायांना सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर येक बी आली नसती." आणि थोड्या वेळानं, शेळ्यांकडे बघत, "उद्या बाई बोलतील ना पन? बाई न्हाई बोलल्या, तर परवापासून आमाला अण्णाच्या रानात काम न्हाई. मागायला आल्त्या म्हनून. ह्ये ठाव हाय ना तुला?"

मला हे ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं.

अमावस्येच्या सकाळी दव इतकं पडलं होतं की गाडीची जुंपणीही भिजली होती. काकूंनी आंबिलीचा डेरा पेंढ्यात घट्ट बसवला. वर शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, दह्यातला आंबट भात. बैलांच्या शिंगांना गोंडे होते. रस्ताभर गाड्या, डोक्यावर टोपल्या, पोरं, बायांची नवी लुगडी. बाई चालत येणार होत्या. गाडीत बसणं त्यांना अण्णांच्या बाजूचं वाटलं असावं. "तुम्ही व्हा पुढे, मी नाल्याकडच्या वाटेनं येते," असं त्या म्हणाल्या आणि मला डोळ्यांनी खूण केली.

कोपी उभी होती. पूजा झाली. पुरुषांनी आंबील घेतली आणि जुनी कानडी हाळी घालत ती पिकावर शिंपडत शेताला फेरी मारली. आजूबाजूच्या सगळ्या रानांतून तीच हाळी ऐकू येत होती, कुठे पुढे, कुठे मागे. गिरदावर साहेब घोड्यावरून आले. त्यांना कोपीपाशी सतरंजी टाकली. पंगती बसल्या. पंगती वेगवेगळ्या होत्या, कोणाची कुठे हे न सांगता ज्याला त्याला ठाऊक होतं. आंबील मात्र एकाच डेऱ्यातली होती आणि ती वाढायचं काम काकूंनी मला दिलं होतं.

मी वाढत होते आणि नाल्याकडच्या वाटेकडे बघत होते. बाई दिसत नव्हत्या. अक्काच्या पंगतीत मी आले की ती मान वर न करता विचारी, "आल्या?" मी पुढे जाई. पहिलं वाढप झालं, दुसरं झालं. ऊन चढलं.

सतरंजीपाशी गेले तेव्हा अण्णा गिरदावर साहेबांना हसत हसत सांगत होते. "आमच्या शाळेच्या बाई येनार होत्या, साहेब. पन त्या वाटंत पोट भरून येतील असं दिसतंय. सोलापूरच्या हायत ना, त्यांना म्हाईत न्हाई. येळवशीला लवकर पोचायचं असंल तर मानसानं ही नाल्याकडची वाट सोडून नाल्याच्या खालच्या अंगानं यावं. वाटंवरच्या कोपीतनं हाक आली की न्हाई म्हनता येत न्हाई. मीच सगळ्यांना सांगितलंय, बाईला उपाशी सोडू नका. पाव्हनी हाय गावाची."

साहेब हसले. मला ते चित्र लगेच दिसलं. बाई, एका कोपीतून सुटल्या की दुसरीत, घड्याळ बघत, समोर उंड्यांची चळत, आणि चारी बाजूंनी "घ्या की बाई, आमची आंबील गोड लागंना व्हय?" इथल्या रीतीचा मान राखायचा म्हणून त्या नाही म्हणत नसणार. आमच्याकडचं शेंबडं पोरही आज त्या वाटेनं आलं नसतं. आणि मी त्यांना ते सांगितलं नव्हतं, कारण मी त्यांना कधी काहीच सांगत नसे.

मी साहेबांच्या वाटीत आंबील ओतली. ती थोडी सतरंजीवर सांडली.

आणि अण्णा उठले. फेटा नीट केला आणि पंगतीतून फिरायला लागले. "काय पाहिजे ते मागा. लाजू नका. आं? भज्जी? पोळी?" एकानं तूप मागितलं. एका म्हाताऱ्यानं तंबाखू मागितली, ती मिळाली. विणकर आपल्या पोरांना घेऊन एका कडेला बसला होता. त्यानं हात जोडले आणि काही मागितलं नाही. उताराकडचा शेतकरी पलीकडच्याकडे बघत होता आणि पलीकडचा त्याच्याकडे. अण्णा बायांच्या पंगतीपाशी आले.

"बोला, बायांनो. आज मागायचा दिस हाय."

बाया आपापल्या पत्रावळींकडे बघत राहिल्या. अक्काची पत्रावळ पुसल्यासारखी स्वच्छ होती. तिनं वाटेकडे एकदा पाहिलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, तुरीच्या रानात पाहिलं होतं तसं. नंतर तिनंही डोळे खाली घेतले. अण्णा थांबून राहिले. त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते त्या बायांना मागायला पुरेसा वेळ देत होते. नंतर कोणी म्हणायला नको की विचारलं नाही. तो शांतपणा मला अजून आठवतो. शेजारच्या रानातली हाळी, घोड्याची शेपटी, पत्रावळीवरच्या माश्या.

"बघा साहेब," अण्णा मागे वळून म्हणाले. "कुनाला काय कमी न्हाई."

साहेबांनी हात झटकले आणि घोड्याकडे पाहिलं. ते उठले असते तर विषय संपला असता. बायांपैकी एकीनं पत्रावळ गोळा करायला घेतली.

अण्णा पंगतीच्या टोकाला आले. तिथे मी तांब्या धरून उभी होते. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. खोटा नव्हता तो मऊपणा. ते माझ्याशी नेहमी तसेच होते.

"आन् ही वाढपी ऱ्हायली की," ते म्हणाले. "शिकून आल्यावरची पहिलीच येळवस हिची. तू बी माग. काय पाहिजे? लुगडं? पुस्तकं? पुढं शिकायचंय?"

काकू हसून म्हणाल्या, "तिच्या तोंडून काढून दाखवा शब्द."

मला शिकायचं होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. हो म्हटलं असतं तर मी सुगीनंतर पुन्हा हैदराबादेत असते. टेकाड, बाभूळ, अक्काची शेळ्यांकडे बघणारी मान, सगळं खिडकीपलीकडे राहिलं असतं आणि आषाढात पेव उघडलं असतं.

मी बोलले. ओठ हलले, पण आवाज बाहेर आला नाही.

"काय?" अण्णांनी कानामागे हात धरला. लोक हसले. "मोठ्यानं बोल. कामून लाजायलीस? साहेबाला बी ऐकू जाऊ दे, आमची पोरगी बोलती म्हनून."

साहेब थांबले. अक्कानं मान वर केली. मी तांब्या जमिनीवर ठेवला. आणि पूर्ण वाक्यात, मोठ्यानं म्हणाले:

"अण्णा, टेकाडावरचं मोठं पेव मागते. मला न्हाई, गावाला. आषाढात ह्यांच्या घरी सुगीच्या भावानं ज्वारी जाऊ दे. बाई हेच मागनार होत्या. त्यांना तुमी वाटंत बसवून घेतलं, म्हनून मी मागायलेय."